समोर धरलेले हात

माझ्या नणंदेला मी भर दुपारी, अनवाणी पायांनी, माझ्या माहेरच्या ओटीसमोर उभं केलं आणि चार बायकांदेखत तिच्याकडून वदवून घेतलं की चूक तिची झाली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती गेली, मीही काही दिवसांचीच सोबती. पण तो दिवस आठवला की अजून माझ्या जिवाला थंडावा मिळतो. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसाने सगळ्यांना माफ करावं. म्हणोत बापडे! ज्यांना कधी कोणी चेटकीण म्हटलं नाही, त्यांचं माफी द्यायला काय जातंय?

माहेर माझं गोडदेवचं, सासर मुर्ध्याचं. मध्ये रेल्वेचे रूळ आणि दीड तासाची चाल. मी चौथीपर्यंत शिकलेली होते, पण सासरी आल्या आल्या कळलं की हा गुण इथे झाकून ठेवलेलाच बरा. घरात माणसं तीन. नवरा, मी आणि नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझी वन्सं. ती ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परतलेली. सासूसासरे लवकर गेले, तेव्हा हिनेच धाकट्या भावाला वाढवलं, स्वतः अर्धपोटी राहून त्याच्या पानात मासळीचा तुकडा टाकला. हे मी कबूल करते, कारण खरं आहे. पण त्या उपकारांचा पाढा रोज माझ्यापुढे वाचायची काय गरज होती? लग्नाला सात वर्षं होऊन घरात पाळणा हलला नाही, तर तेही माझ्याच माथी.

नवरा मिठागरावर होता. खाडीच्या बांधात पाणी अडवायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, किती घ्यायचं, दार कधी पाडायचं, ते सगळं ह्यांच्याकडे. चुकलं तर साऱ्यांची मेहनत वाया, म्हणून हे काम ज्याचं डोकं थंड त्यालाच मिळे. हे तर इतके थंड की मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा ह्यांचा एक हुंकार. ताडीला कधी शिवले नाहीत, शिमग्यालासुद्धा नाही. आमच्यात असा पुरुष म्हणजे लोकांना नवलच वाटे.

लहानपणी ह्यांना मोठी कावीळ झाली होती. तेव्हा मनगटावर तापल्या सुईचे डाग दिलेले, त्यांचे वण दिसत. लढाई सुरू झाली त्या सुमाराला ह्यांचे पाय सुजायला लागले, पोट पुढे आलं, डोळ्यांत पिवळी झाक आली. आणि मग एके दिवशी, वाफ्यांत मीठ पिकून पांढरं पडलेलं, दुसऱ्या दिवशी ओढून काढायचं, अशा वेळी ह्यांनी भर भरतीला उघाडी उघडली. बघता बघता सगळं मीठ विरघळून गेलं. लोक ओरडत धावले. हे बांधावर शांत उभे. म्हणाले, "पानी भायेर उभा व्हता. आत घेतला."

साऱ्या गावाने एकच निकाल दिला, दारू चढली. ज्याने जन्मात थेंब घेतला नाही त्याला! मुकादमाने काम काढून घेतलं. जे काल ह्यांना विचारल्याशिवाय फळी उचलत नव्हते, ते बांधावर उभे राहून ह्यांच्या झोकांड्यांची नक्कल करायला लागले. एकेकाचं तोंड मला आठवतं. एकेकाला मी मनातल्या मनात पुरून ठेवलंय.

घरातही तऱ्हा सुरू झाल्या होत्या. सदऱ्याची बटणं लावता येईनात. दिवसभर घोरायचे आणि रात्रभर टक्क जागे. एकदा भाताचं पान पुढ्यात घेऊन पाऊण तास बसले, घास घ्यायचा असतो हेच विसरले. एकदा मला म्हणाले, "तू कोनाची गो?" मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मग चार-पाच दिवसांनी आपोआप बरे व्हायचे, लाजून विचारायचे, "मी कायतरी बोललो का?"

वन्संनी भगताला आणलं. हा आमच्या पलीकडच्या पाड्यातला, अंगात वारं घेणारा, भुतंखेतं उतरवणारा. त्याने तांदूळ फुंकले आणि सांगितलं, खाडीच्या जागेने, म्हणजे तिथल्या भुताने, धरलंय, दोन कोंबडी लागतील. एक मान म्हणून त्याचं, एक रोग्याचं. आमच्याकडे रीत अशी की देवीपुढे कापलेलं कोंबडं रोग्यानेच संपवायचं. आधी मुंडी आणि कलेजी, मग उरलेलं. सकाळ-संध्याकाळ तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. उंबऱ्याबाहेर एक तुकडा जाता कामा नये, नाहीतर देवी कोपते. वन्सं भरवायची, "खा रं भावा, ताकद येल." आणि तिसऱ्या दिवशी हे पुन्हा मला ओळखेनात.

भगत म्हणाला, जागा खवळलीय, अजून मागतेय. मग पुन्हा दोन कोंबडी. पुन्हा तीच गत. चौथ्या खेपेला त्याने तांदळांवरून नजर उचलली ती थेट माझ्यावर ठेवली. "भायेरचा न्हाय हाय हा," तो म्हणाला, "घरातलाच हात हाय." वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा मी डूख धरला.

भाईंदर स्टेशनजवळ दर रविवारी एक म्हातारा पारशी डॉक्टर मुंबईहून येऊन बसायचा. खोबरेल आणायला जातो असं सांगून मी ह्यांना शेजारच्या बैलगाडीतून तिकडे नेलं. डॉक्टरने डोळे बघितले, पोट टिचकीने वाजवलं, मग ह्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. म्हटलं, झालं, हाही दारूच म्हणणार! पण तो म्हणाला, "दारूचा वास नाय हा. गोड, कुजका. बाई, याला हात असा समोर धरायला सांग. बोटं वर, जसा कोणाला थांब बोलते तसा."

ह्यांनी हात धरले. क्षणभर राहिले, आणि मग मनगटातून लुळे पडायचे, परत वर यायचे, परत पडायचे. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीची शेपटी आपटते तसे. हे स्वतः आपल्या हातांकडे दुसऱ्या कोणाचे असावेत असे बघत होते.

"लिव्हर खराब हाय," डॉक्टर म्हणाला. बरगडीखाली हात ठेवून त्याने जागा दाखवली. "ही घरची मोरी. मोरी तुंबली तर घाण पाणी कुठे जाणार? घरात. याचं डोक्यात चढते." मी विचारलं, वेड लागलंय का? तो चिडला. "वेड नाय, भूत नाय. आजार हाय. मला एक संशय हाय, पण तू बघ आणि मला सांग. रोज सकाळी असे हात धरायला लाव. काय खाल्लं आणि हात कधी पडले, लिहून ठेव. पोट रोज साफ झालं पाहिजे, एरंडेल दे."

लिहून ठेव! बाईमाणूस लिहिताना दिसली तर मंत्र लिहिते म्हणतील. मी स्वयंपाकघरात, पाण्याच्या रांजणामागे, भिंतीवर कोळशाने खुणा करायला लागले. हात स्थिर राहिले तर उभी रेघ. पडले तर आडवी. कोंबडं किंवा मासळी पोटभर झाली त्या दिवशी फुली. रोज सकाळी हे दाराशी येऊन माझ्यापुढे हात धरायचे. आम्हा दोघांत तेवढंच एक गुपित होतं, आणि खोटं कशाला बोलू, लग्नानंतर पहिल्यांदाच हे मला माझे वाटले.

महिन्याने मी रांजण सरकवून सगळ्या रेघा एकत्र बघितल्या. प्रत्येक फुलीपाठोपाठ दोन-तीन आडव्या रेघा. एकही फुली सुटली नव्हती. म्हणजे भूत उतरवायला जे कोंबडं कापत होते, तेच ह्यांचं डोकं घेऊन जात होतं. डॉक्टरला सांगितलं तर त्याने टेबलावर हात आपटला. "हाच माझा संशय! मटण नाय, कोंबडी नाय, मच्छी नाय, सुकीसुद्धा नाय. भात, गूळ, फळं, भाजी. लिव्हर सुधारणार नाय बाई, ते मी खोटं बोलणार नाय. पण डोकं साफ राहील. मोरी साफ ठेवणं तुझ्या हातात."

मुर्ध्याच्या घरात नवऱ्याला बिनमासळीचं पान वाढायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वन्संनी आकांत मांडला. "मारते गो मारते, माज्या भावाला उपाशी मारते!" शेजारणी डोकावून जायच्या. मी दात-ओठ खात भात-गूळ वाढत राहिले, एरंडेल पाजत राहिले. आणि भिंतीवर उभ्या रेघा लागल्या. एक, दोन, पाच, बारा, वीस. ह्यांची सूज उतरली नाही, पण डोकं लख्ख. मुकादमाने स्वतः येऊन, मान खाली घालून, उघाडी परत दिली. त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शिमग्याआधी घर सारवायला काढलं तेव्हा वन्संनी रांजण हलवला. भिंतभर काळ्या रेघा आणि फुल्या! तिने अशी बोंब ठोकली, की अर्धं गाव आमच्या अंगणात. भगत हजर झाला. म्हणाला, ही करणी, ह्या रेघांनीच हिने नवऱ्याचं डोकं बांधलंय. संध्याकाळी गावदेवीपुढे माणसं बसली. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, मोरी, हात, फुल्या. "देवीच्या कोंबड्याने डोकं फिरतं?" कोणी तरी ओरडलं आणि सगळे हसले. हे उठून उभे राहिले. म्हणाले, "ती असा करायची न्हाय. मना बरा हिनंच केलाय." इतकं मोठं वाक्य हे चारचौघांत कधी बोलले नव्हते. पण ज्याला काल-परवापर्यंत येडा म्हणत होते, त्याचं कोण ऐकतो? एक म्हातारा म्हणाला, "बघा, कसा बोलाय लावलाय त्याला." निकाल झाला. माझी माहेरी रवानगी.

तेव्हा माझ्या डोक्यात एक डाव आला. मी रडले नाही, पाया पडले नाही. उभी राहिले आणि म्हटलं, "जाते. पण उद्या काही झालं तर म्हणाल, हिने गोडदेवला बसून केलं. म्हणून भगताला माझ्यासमोर घर बांधू दे. मग मी जाते."

घर बांधणं म्हणजे चारी कोपऱ्यांत मंतरलेले उडीद पुरायचे, उंबऱ्यावर लिंबू, दाराला काळा दोरा. एकदा बांधलं की कोणाची करणी आत शिरत नाही. भगत फुशारला. साऱ्या गावादेखत त्याने घर बांधलं, छाती ठोकून म्हणाला, "आता मुंगी शिरनार न्हाय. शिरली तर माजा मान सोडीन." मी म्हटलं, सगळ्यांनी ऐकलंत ना? सगळे हो म्हणाले. गाढवाने आपल्याच पायांनी दावं गुंडाळून घेतलं होतं.

मला पक्कं ठाऊक होतं पुढे काय होणार. मी उंबरा ओलांडला की सुटका झाल्याचं कोंबडं कापणार. वन्सं भरवणार. एरंडेलाची बाटली उकिरड्यावर जाणार. निघताना हे दाराशी आले, नेहमीसारखे. हात समोर धरले. स्थिर होते. विचारलं, "कदी येशील?" मला एवढंच म्हणायचं होतं, कोंबडं खाऊ नका. तीन शब्द. ह्यांनी ऐकलं असतं. पण ह्यांनी खाल्लं नसतं, तर हे बरे राहिले असते, आणि हे बरे राहिले असते तर मी जन्मभराची चेटकीण ठरले असते. मी म्हटलं, "येईन बोलावलंत की." आणि पदर खोचून चालू लागले.

गोडदेवला मी रोज दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी मनात म्हटलं, आज हात पडले असतील. चौथ्या दिवशी, आता बटणं लागत नसतील. मला वाईट वाटत होतं का? होतं. पण त्याच्यावर एक गोडी होती, ती मी नाकारत नाही. सहाव्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर मुर्ध्याहून एक शेजारी धापा टाकत आला. "वैनी चल, तो उठवून उठत न्हाय. डोलं उघडत न्हाय."

माझी आई कपाळाला हात लावून बसली. मी मात्र ओटीवरून हलले नाही. म्हटलं, "ज्यांनी घालवलं त्यांनी न्यायला यावं. वन्संना पाठवा."

शेजारी तसाच परत पळाला. दीड तास जायला, दीड तास तिला यायला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा वन्सं आली. चपला नाहीत, पाय भाजलेले, केस सुटलेले. आली ती माझ्या पायांवरच पडायला लागली. मी पाय मागे घेतले. शेजारच्या बायकांना हाक मारून बोलावलं आणि म्हटलं, "आता बोला. घर कोणी बांधलं होतं? मुंगी शिरली का? कोंबडं कोणी भरवलं?" ती म्हणाली, "मी भरवला. माजी चूक झाली. तू चेटकीन न्हायस. पन चल गो, तो मरल." मी म्हटलं, पुन्हा बोला, मोठ्याने. तिने पुन्हा म्हटलं. मग मी उठले.

वाटेत स्टेशनजवळून डॉक्टरला उचललं. आमच्या नशिबाने रविवार होता. ह्यांना बघून त्याने विचारलं, "कधीपासून उठत नाय?" मी म्हटलं, "आत्ताच, दुपारपासून." वन्संनी माझ्याकडे बघितलं, पण तोंड उघडलं नाही. डॉक्टरने एनिमा दिला, पोटातली घाण काढली, साखरेचं पाणी चमच्याने घशात सोडत राहायला सांगितलं. दोन दिवस मी आणि वन्सं आळीपाळीने बसलो. तिसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले.

भगताचं मी त्याच आठवड्यात गावदेवीपुढे उरकलं. तो म्हणायला लागला, दोरा कच्चा निघाला, उडीद जुने होते. मी म्हटलं, छाती तर पक्की होती ना? मान सोड! गाव हसलं, ह्या खेपेला त्याला. त्याला पुन्हा आमच्या पाड्यात कोणी बोलावलं नाही. आमच्या बाजूने वाट असूनही तो खाडीकडून लांबचा फेरा घेऊन जायचा. मी मुद्दाम अंगणात येऊन बघत बसायची.

सगळं जिंकले. चुलीवर माझा हुकूम. रांजणामागच्या रेघा आता उघड भिंतीवर. वन्सं माझ्यापुढे आवाज चढवत नव्हती.

आठ-दहा दिवसांनी ह्यांचं डोकं पुरतं निवळलं. सकाळी दाराशी आले, हात समोर धरले. स्थिर. मी कोळसा उचलला, तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "मी कोंबडा खाल्ला तर काय होल, ते तुला ठाव होता ना?"

मी कोळसा खाली ठेवला.

"जाताना मना बोलली न्हायस."

माझ्या तोंडाला सगळ्या गावासाठी उत्तर होतं. वन्संसाठी होतं, भगतासाठी होतं. ह्यांच्यापुढे खोटं बोलवेना. मी म्हटलं, "हो. ठाऊक होतं."

ह्यांनी मान हलवली. हात खाली घेतले आणि उघाडीवर गेले. मी म्हटलं, निवळेल. मी काय हौसेने केलं? माझ्या जिवावर बेतलं होतं म्हणून केलं!

दुसऱ्या सकाळी मी कोळसा घेऊन दाराशी उभी राहिले. हे माझ्या शेजारून अंगणात गेले, जिथे वन्सं भांडी घासत होती. तिच्यापुढे उभे राहिले आणि हात समोर धरले. तिला काही कळेना. "बाय, बघ," हे म्हणाले, "पडतात का?" तिने हाताची राख पदराला पुसली आणि बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाय पडत."

त्यानंतर हे तीन वर्षं जगले. मी रांधलेलं जेवले, माझ्याशी बोलले, मला काही कमी पडू दिलं नाही. पण हात दाखवायला रोज सकाळी बहिणीकडेच गेले. रेघ मारणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती आतमध्ये येऊन मला सांगायची, आज उभी, आज आडवी, आणि मी मारायची. ज्या बाईने कोंबडं भरवून ह्यांना मरणाच्या दारात नेलं, तिनेच पुढे ह्यांच्या पानात मासळीचा काटा येऊ दिला नाही. तिची एखादी सकाळ चुकावी, ती झोपून राहावी, तिचा पाय मोडावा, म्हणजे हे माझ्याकडे येतील, असं मी त्या तीन वर्षांत रोज देवीकडे मागितलं. मेलीने एक दिवससुद्धा चुकवला नाही.